दीड वितीचा गुलाब आणि शून्य दशांश शून्य एक हेक्टर

गुलाब पिकवणाऱ्या कायांबे गावात माणसाची ओळख आडनावावरून होते आणि गुलाबाची दांड्याच्या सेंटिमीटरवरून. शंभराच्या वरचा मॉस्कोला जातो, सत्तरचा मायामीला, पन्नासचा कुठे ना कुठे खपतो आणि चाळिसाच्या खालचा कुठेच जात नाही. त्याला ‘देशी’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना नाकाला थोडी सुरकुती घालायची पद्धत आहे. येसेनियाच्या सासूबाई, दोन्या झोइला (दोन्या म्हणजे बाईसाहेब), यांनी सव्वीस वर्षं फुलांच्या कंपनीत मापाच्या पाटाशी उभं राहून हेच काम केलं होतं. दांडा पाटावर टेकवायचा, नजर टाकायची, गठ्ठ्यात फेकायचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. लग्नाच्या वेळी त्यांनी येसेनियाकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं होतं, तेव्हा आपण कितीचे भरलो हे विचारायची येसेनियाला अजूनही हिंमत झालेली नव्हती.

तर अशा घरात, मार्च महिन्यात, येसेनियाची कॉलेजमधली मैत्रीण मिरेया राजधानी कीतोहून आली आणि येसेनियाच्या तान्ह्या मुलीला, सामीला, बघायला येताना एका चिमुकल्या कुंडीत गुलाब घेऊन आली. सगळं झाड दीड वीत. फुलं शर्टाच्या गुंडीएवढी, गुलाबी, पण पाकळ्यांची रचना अगदी शास्त्रोक्त. मिरेया गेल्यावर दोन्या झोइलांनी कुंडी उचलली, फिरवून पाहिली, खालून पाहिली.

“आणि बाकीचं कुठंय?” त्यांनी विचारलं.

“एवढंच असतं आई. लहान जातीचा आहे.”

“आजारी आहे म्हण की.”

येसेनिया शाळेत विज्ञान शिकवायची. सामी झाल्यापासून रजेवर होती आणि सप्टेंबरात पुन्हा रुजू व्हायची होती. शहाणी, वाचणारी, आणि काळजी करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सामीने किती वाजता दूध प्यायलं, किती वेळा शिंकली, ढेकर डाव्या खांद्यावर दिला की उजव्या, याची तिने वही ठेवली होती. गुलाब आला तशी तिने त्याच वहीत शेजारी एक रकाना आखला. आठवड्याभरात त्या रकान्यात लिहायला भरपूर झालं, कारण झाडाची पानं गळायला लागली.

खरा प्रश्न पानांचा नव्हताच. खरा प्रश्न असा होता की सप्टेंबरपासून सामी कुणाकडे राहणार. येसेनियाने दोन गल्ल्या सोडून असलेलं पाळणाघर तीनदा तपासून पसंत केलं होतं. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी तिला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. सामी झाल्यापासून इथेच मुक्कामाला असलेल्या दोन्या झोइलांचं म्हणणं होतं की सामी सोमवार ते शुक्रवार वरच्या गावात, त्यांच्या घरी राहील आणि शनिवारी आईबापांना भेटायला येईल. वॉशिंग्टनचं, म्हणजे येसेनियाच्या नवऱ्याचं, काहीच म्हणणं नव्हतं. घरात दोन बायका बोलायला लागल्या की तो खाली जाऊन मोटारसायकलच्या साखळीला तेल घालायचा. अख्ख्या कायांबेत इतकी मऊ चालणारी साखळी दुसरी नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, मक्याची भाकरी आणि चीज खाताना, दोन्या झोइलांनी टेबलावर पडलेलं एक पिवळं पान बोटाने कडेला सारलं.

“वीतभर झाड जगवता येत नाही,” त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, “आणि नोकरी करून पोर वाढवणार.”

वॉशिंग्टन साखळीकडे निघाला. आणि येसेनिया, जिने आयुष्यात सोडतीचं तिकीटही कधी घेतलं नव्हतं, ती म्हणाली, “सान पेद्रोच्या दिवशी हे झाड फुलांनी भरलेलं असेल. नसेल तर सामीला खुशाल घेऊन जा.”

बोलून झाल्यावर तिला ते शब्द हवेतून परत गोळा करावेसे वाटले. पण दोन्या झोइलांनी मान हलवली होती, आणि त्या मानेवर सव्वीस वर्षं कंपनीचा व्यवहार चालला होता. सान पेद्रो या संताचा सण एकोणतीस जूनला. हातात तीन महिनेही नव्हते.

झाड वाचवायचं म्हणजे ते उबेत ठेवलं पाहिजे, हे येसेनियाने सामीवरून ठरवलं. कायांबेची थंडी काही साधी नव्हे. बर्फाचा डोंगर खिडकीतून सरळ घरात बघतो. तिने कुंडी स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवली आणि सामीची जुनी दुलई तिच्याभोवती गुंडाळली. आठ दिवसांत पानं तांबूस, ठिपक्याठिपक्यांची झाली आणि शेंड्याला बारीक जाळी दिसायला लागली. वॉशिंग्टन कंपनीत फवारणीचा मुकादम होता. त्याने वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

“लाल कोळी,” तो म्हणाला. “येसे, हे कंपनीत कळलं तर मला फाटकातून आत घेणार नाहीत. माझे बूटसुद्धा घेणार नाहीत.”

कोरड्या उबेत लाल कोळी पोसला जातो हे येसेनियाने त्याच संध्याकाळी पुस्तकात वाचलं. म्हणजे तिने दुलईत गुंडाळून गुलाब नव्हे, कोळी वाढवला होता. तिने सामीची दुलई सोडून धुवायला टाकली. वहीत तिने लिहिलं, ‘ऊब बंद.’ मग घाबरून कंसात लिहिलं, ‘फक्त गुलाबाची.’

उपाय साधा होता: रोज सकाळी पानं खालच्या बाजूने गार पाण्याने धुवायची. ती सामीला आधी अंघोळ घालायची, मग गुलाबाला. समोरच्या दोन्या तार्हेलियांनी हे दारातून पाहिलं.

“शेजारीणबाई, धुऊन काय होणार? दृष्ट लागलीय त्याला,” त्या म्हणाल्या. “एवढुसं रूप. कुणीतरी बघून ‘किती गोड’ म्हणालं असणार आणि हात लावला नसणार. हात लावला की दृष्ट लागत नाही.” सामीच्या मनगटात होता तसाच लाल दोरा त्यांनी झाडाच्या खोडाला बांधला, अंडं उतरवलं आणि ते फोडून पेल्यात बघितलं. “मत्सर आहे. पण लांबचा. कीतोकडचा.”

पदवीधर बाईने दोरा सोडायला हवा होता. येसेनियाने तो सोडला नाही. शास्त्राचं म्हणणं पानं धुवा असं होतं, दोरा बांधू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

वॉशिंग्टनची भीती मात्र खरी निघाली. कंपनीत भरती होताना प्रत्येकाने एका कागदावर सही केलेली असते की घरी गुलाब ठेवणार नाही, ठेवल्यास रीतसर नोंद करीन. वॉशिंग्टन इतका प्रामाणिक की त्याने स्वतःहून सांगितलं. पंधरा दिवसांत लागवडीचा दाखला आणायचा, असा हुकूम झाला. दाखला आणायला अर्थातच येसेनिया गेली, सामीला शालीत पाठीशी बांधून.

कृषी कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. जात, वाफ्यांची संख्या, दांड्याची लांबी, क्षेत्र हेक्टरमध्ये. येसेनियाने कुंडीचा व्यास मोजून, क्षेत्रफळ काढून, ते अगदी काटेकोर लिहिलं होतं.

“बाई, हे काय? शून्यावर शून्यं किती दिलीत?”

“कुंडी आहे साहेब. बारा सेंटिमीटरची.”

“संगणक दोनच आकडे घेतो.”

“मग शून्य लिहा.”

“शून्य लिहिलं तर लागवड नाही असं होतं. मग मी नसलेल्या लागवडीचा दाखला कसा देऊ?” त्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. “शून्य दशांश शून्य एक लिहितो. त्याखाली जाताच येत नाही.”

शून्य दशांश शून्य एक हेक्टर म्हणजे शंभर चौरस मीटर. येसेनियाचं विज्ञान आतल्या आत तडफडलं, पण पाठीवर सामी रडत होती. अशा रीतीने येसेनिया फारिनांगो ही नोंदणीकृत गुलाब बागायतदार झाली.

दाखल्याची एक प्रत आपोआप पाणी मंडळाकडे गेली. मंडळाचे चिटणीस दॉन सेगुंदो त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहायचे. ते संध्याकाळी डोक्यावर टोपी ठेवून वर आले. नाहीतर ते कधी टोपी घालत नसत.

“अभिनंदन शेजारीणबाई. दर गुरुवारी दुपारी दोन ते दोन वाजून चार मिनिटं कालव्याची पाळी तुमची.”

“दॉन सेगुंदो, कुंडी तुम्ही रोज बघता. तिला एक पेला पाणी लागतं, तेही घरच्या नळाचं.”

“ते मला शेजारी म्हणून माहीत आहे. चिटणीस म्हणून मला शंभर चौरस मीटर माहीत आहेत.” त्यांनी वही उघडली. “पाळी सोडली तर दंड. आणि बारा मे रोजी मिंगा आहे. फावडं आपापलं.”

मिंगा म्हणजे कालवा साफ करायचं श्रमदान. प्रत्येक बागायतदाराने यायचंच. न येणाऱ्याला दंड होतो तो वेगळा, वर पुढची पाच वर्षं त्याचं नाव निघालं की लोक गप्प बसतात. त्यामुळे येसेनिया दर गुरुवारी कालव्यावर एक तांब्या घेऊन उभी राहू लागली. तांब्या दहा सेकंदांत भरायचा. उरलेला वेळ ती घड्याळ हातात धरून, आपल्या हक्काचं पाणी दुसऱ्याच्या बटाट्यात जाताना बघायची.

मधल्या काळात झाडाने मात्र मान वर काढली. कोळी गेला. पुस्तकात वाचून येसेनियाने एका सकाळी कुंडी बदलायला घेतली, माती हलवली, आणि झाड तिच्या हातात चार तुकडे होऊन आलं. तिने एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. मग तिच्या लक्षात आलं की तुटलेलं काहीच नाही. दुकानदार भरगच्च दिसावं म्हणून एका कुंडीत चार रोपं कोंबतात, आणि ती बिचारी एकमेकांच्या मुळांवर पाय देऊन उभी असतात. तिने चार कुंड्या केल्या. आता दर दिवशी वेळापत्रक असं: सकाळी आठला चारही कुंड्या गच्चीवर, उन्हात. पहिल्या आठवड्यात एकच तास, मग दोन, मग जास्त, कारण घरात वाढलेली पानं एकदम उन्हात नेली तर करपतात. एक वाजता, पाऊस यायच्या आत, पुन्हा खिडकीत. पाणी मातीला द्यायचं, पानांना नाही, नाहीतर थंडीत त्यांवर पांढरी भुरी येते. पाठीवर सामी, हातात दोन कुंड्या, दोन फेऱ्या. दोन्या तार्हेलिया घड्याळाऐवजी तिची फेरी बघून चुलीवर जेवण चढवायला लागल्या.

दोन्या झोइला हे सगळं खिडकीतून बघायच्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार झाडांवर मिळून सत्तावीस कळ्या होत्या. येसेनियाने त्या सामीच्या दातांसारख्या मोजल्या. अजून दीड महिना बाकी आणि आत्ताच सत्तावीस. पैज जिंकल्यातच जमा होती.

बारा मेला ती मिंगाला गेली. पाठीवर सामी, खांद्यावर दॉन सेगुंदोंकडून उसनं आणलेलं फावडं. दोन्या झोइला त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिल्या होत्या. गुडघाभर चिखलात चाळीस-चाळीस हेक्टरवाल्यांची माणसं आणि शून्य दशांश शून्य एकवाली ती, एका रांगेत उभी होती. कुणीतरी हसलं, पण दुपारी सगळ्यांच्या घरचे उकडलेले वाटाणे एका घोंगडीवर ओतले तेव्हा तिच्याही पुढ्यात आले. परत येताना तिचे हात फोडांनी भरले होते आणि मन मोठं झालं होतं.

घरी खिडकीत चार कुंड्या ओळीने उभ्या होत्या. कळी एकही नव्हती. सगळे शेंडे खुडलेले, कात्रीने केल्यासारखे, एका उंचीत. दोन्या झोइला शेजारी बसून नखांतला हिरवा रंग काढत होत्या.

“साफ केलं,” त्या म्हणाल्या.

येसेनियाने फावडं भिंतीला टेकवलं. ती सामीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. वॉशिंग्टन साखळीकडे निघाला होता, या वेळी अर्ध्या जिन्यातून परत आला आणि आईला म्हणाला, “आई, हे बरं नाही केलंस.” असं वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्याला समजेना. तो तिथेच उभा राहिला.

पुढचे दहा दिवस घरात फक्त सामी बोलत होती. येसेनियाला उघड दिसत होतं की हा डाव आहे. पैज हरायची वेळ आली तसं सासूने हात घातला. पाळणाघराच्या बाईंना नकार कळवायच्या चिठ्ठीचा मसुदाही तिने तयार केला. पण रोज सकाळी आठला कुंड्या गच्चीवर आणि एकला खिडकीत हे काही चुकलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वहीतला रकाना रिकामा राहिलेला तिला बघवत नव्हता, इतकंच.

मे संपता संपता खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखालून दोन-दोन कोंब फुटले. जूनमध्ये त्यांना पानं आली. तेरा जूनला दुपारी, सगळ्या पंचांगांना चकवून, बाराच्या सुमारास गारा पडायला लागल्या. येसेनिया सामीला झोपवत होती. ती गच्चीवर पोचली तेव्हा जेवायला घरी आलेला वॉशिंग्टन आधीच तिथे होता. चारही कुंड्या त्याने पोटाशी घेतल्या होत्या, वर कपडे धुवायचं घमेलं पालथं धरलं होतं आणि घमेल्यावर गारा अशा वाजत होत्या की दॉन सेगुंदो टोपी घालून वर आले. “नुकसान किती हेक्टर?” त्यांनी विचारलं. चिटणीस म्हणून विचारणं त्यांना भागच होतं.

नुकसान तीन पानं.

वीस जूनला येसेनियाने कळ्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. एकसष्ट. पंचवीसला त्यांच्या टोकांशी रंग दिसायला लागला. तेव्हा ती वही घेऊन बसली, बारा मेपासून बोटांवर दिवस मोजले, आणि एकोणतीस जूनपाशी येऊन थांबली. अठ्ठेचाळीस दिवस. मग तिने दुसरा हिशोब केला. मेमधल्या त्या सत्तावीस कळ्या तशाच ठेवल्या असत्या तर महिनाअखेर फुलून झडल्या असत्या. त्यानंतर छाटणी, त्यानंतर पुन्हा सात आठवडे. सान पेद्रोच्या दिवशी चार कुंड्यांत नुसती पानं असती.

ती वही घेऊनच बाहेर आली. दोन्या झोइला वाटाणे सोलत होत्या.

“आई, तुम्ही मुद्दाम खुडलंत.”

“मग काय, झोपेत खुडलं?”

“फुलं सणाला यावीत म्हणून.”

“शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं.” त्यांनी शेंग दाबली. “फूल तारखेला आणायचं असतं. आलं तेव्हा आलं, ते रानात. इतकुसं झाड लवकर येईल म्हणून मी मोठ्याच्या निम्मे दिवस धरले, वर आठ दिले तुझ्या थंड खिडकीचे.”

“पण तुम्ही पैज हरणार होतात.”

“ते मला कळत नव्हतं का?” दोन्या झोइला पहिल्यांदाच जरा चिडल्या. “सव्वीस वर्षांत माझ्या एकाही पेटीचं विमान चुकलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मुलाच्या घरात, माल महिनाभर आधी उघडतोय आणि मी गप्प बसू? पोर नेण्यासाठी?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“दार लावून बसलेल्या माणसाला सांगायचं कसं?” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि तू पाणी घालणं सोडतेस का, हे बघत होते. नाही सोडलंस.”

येसेनिया खाली बसली आणि वाटाणे सोलायला लागली. तिच्या शेंगा वाकड्या फुटत होत्या. दोन्या झोइलांनी सांडलेले दाणे टिपून तिच्याच वाटीत टाकले.

एकोणतीस जूनला पाणी मंडळाच्या बागायतदारांनी संताच्या देवळात फुलं मांडायची असतात. मोठमोठ्या कंपन्यांचे गुलाब आले, मीटर-मीटर दांड्यांचे. ते मागे भिंतीशी उभे केले तेव्हा त्यांची तोंडं कमानीवरच्या देवदूतांना दिसत होती, माणसांना फक्त काटे. संताच्या पावलांशी एक बुटकी पायरी होती. तिथे काहीच बसेना. जे ठेवावं ते संताच्या नाकात जायचं. येसेनियाने आपल्या चार कुंड्या तिथे ओळीने ठेवल्या. एकसष्टपैकी अठ्ठावन्न फुलं पूर्ण उघडलेली होती, तीन उघडत होती. बाहेर घंटा बांधलेले नाचे चौक दणाणून सोडत होते, आत दॉन सेगुंदो टोपी काढून यादी वाचत होते. चाळीस हेक्टर, पंचवीस हेक्टर, साडेअकरा.

“येसेनिया फारिनांगो,” त्यांनी वाचलं, आणि आवाज थोडा चढवला. “शून्य दशांश शून्य एक. मिंगा हजर. पाळ्या सगळ्या हजर.”

लोक हसायला लागले होते, पण तेवढ्यात पुढच्या रांगेतल्यांनी वाकून पायरीकडे पाहिलं आणि मागच्यांनी त्यांच्या खांद्यावरून. मग बराच वेळ गर्दी त्या बुटक्या पायरीपाशीच होती. पंचवीस हेक्टरवाल्यांचा कृषी अधिकारी गुडघ्यावर बसून विचारत होता, हे कुणी तारखेला आणलं. येसेनियाने सासूकडे बोट दाखवलं. सासूने सुनेकडे बोट दाखवलं. दोघींचीही बोटं बरोबर होती, त्यामुळे अधिकाऱ्याचा गोंधळ मिटला नाही. दोन्या झोइला तिथून हलल्या तेव्हा ताठ चालत होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गुलाबांची मापं काढली होती. आज पहिल्यांदा लोक त्यांच्या घरच्या गुलाबापुढे वाकत होते.

सण उतरल्यावर दोन्या झोइलांनी बोचकं बांधलं. पैज ती पैज. सामी पाळणाघरात जाणार, त्या वरच्या गावात. बसची वेळ होत आली तेव्हा त्यांनी आपली मोठी शाल पलंगावर पसरली, अगदी सामीला पाठीशी घेताना पसरायच्या तशी. येसेनियाला वाटलं, पैज जिंकूनही सामी चालली. ती सामीला उचलून दारापर्यंत गेलीसुद्धा.

दोन्या झोइलांनी खिडकीतली एक कुंडी उचलली, शालीच्या मधोमध ठेवली, मातीभोवती कापड आवळलं आणि गाठ छातीवर घेतली. खांद्यावरून अठरा गुलाबी गुंड्या डोकावायला लागल्या.

“ही सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहील,” त्या म्हणाल्या. “शनिवारी घेऊन येत जाईन.”

येसेनियाने सामीवरची पकड सैल केली, आणि लगेच तिची काळजी जागी झाली. “आई, शेगडीजवळ ठेवू नका. तिकडे वारा जास्त आहे, बाहेर ठेवाल तर भिंतीच्या आडोशाला. पाणी मातीत, पानांवर नाही. बोट घालून बघायचं, पेरभर माती कोरडी लागली तरच घालायचं. सुकलेलं फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या पानाच्या वर कापायचं. बसमध्ये मांडीवर ठेवा, पायाशी नको. आणि गारा...”

एरवी दोन्या झोइलांनी तिला पहिल्याच वाक्यात अडवलं असतं. आज त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

“लिहून दे पोरी,” त्या म्हणाल्या. “सगळं लिहून दे. बस थांबेल.”